फटफटी : इतिहासाचे एक साधन

वाचकहो, मोटरसायकलला आपल्या मराठीत एक जुना आणि मोठा नामी शब्द आहे : फटफटी. आता तो मागे पडला. शहरात 'बाइक' म्हणतात, खेड्यात नुसती 'गाडी' म्हणतात. पण आमच्या आजोबांच्या पिढीने हा शब्द कोणत्याही परिभाषा समितीला न विचारता केवळ कानाच्या भरवशावर घडवला, आणि तो शास्त्रीयदृष्ट्या अगदी बिनचूक आहे. जुन्या बुलेटचे इंजिन उभ्याउभ्या चालते तेव्हा मिनिटाला सुमारे ८०० ते ९०० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला सात. सात ठोके आपल्या कानाला वेगवेगळे ऐकू येतात. 'फट् फट् फट्' ! आजच्या गाड्यांचे फेरे वाढले, ठोके एकमेकांत मिसळले, त्यांचा गुंजारव झाला आणि 'फटफटी' हा शब्द आपोआपच निकामी ठरला. यंत्र बदलले की भाषा बदलते, ती अशी.

मी हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या महाविद्यालयाच्या मुलांना घेऊन सिंहगडावर गेलो होतो. येताना खडकवासल्याच्या धरणापाशी कणसे खायला थांबलो. रविवार असल्यामुळे दुचाक्यांची जत्रा भरलेली. त्या झगमगाटात एका टपरीच्या मागे लाल रंगाची, मळलेली, जुनी जावा उभी होती. एका विद्यार्थ्याने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारले, "सर, हिला किक कुठंय?"

टपरीवरचे आबा हसले. त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. ते उठले, गिअरचा दांडा पायाने आत दाबला, फिरवून उभा केला आणि म्हणाले, "हीच किक न् ह्योच गेर. येकच दांडा, दोन कामं." पोरे अवाक् झाली. मग आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तीस वर्सं हिच्यावर पुण्याला दूध घातलं. आता नातू म्हणतो, भंगारवाला किलोवर घेतोय, देऊन टाकू."

किलोवर ! हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. कारण, वाचकहो, पुण्यात इतिहास शिकवणाऱ्या माणसाला या शब्दाची एक जुनी ओळख आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करीत हिंडले, कारण ते कागद वाळवी खात होती, आणि जे उरत ते वाण्याच्या पुडक्यांना जात होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते याच तळमळीतून. कागदाला आपण साधन मानले. मग लोखंडाला का मानू नये? साधन म्हणून ही फटफटी आपल्याला काय सांगते, ते पाहू.

थोडे मागे जाऊ. जर्मनीत गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून दुचाकी चालवली. १८९४ पासून म्युनिक येथे हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी गाड्या बनवल्या आणि 'मोटरसायकल' या अर्थाचा शब्द रूढ केला. पण त्या काळी सर्वांना एकच कोडे पडले होते : सायकलला इंजिन लावायचे, पण कुठे? कोणी पुढच्या चाकावर लावले, कोणी मागच्या, कोणी सीटखाली. पॅरिसमधल्या वेर्नर बंधूंनी १९०१ मध्ये ते दोन चाकांच्या मधोमध, खाली, सायकलची पायडले असतात त्या जागी आणून ठेवले. वजन खाली आले, तोल सुधारला. आज सव्वाशे वर्षांनंतरही मोटरसायकलचे इंजिन तिथेच आहे. काही प्रश्न असे एकदाच सुटतात.

आपल्याकडे फटफटी आली ती साहेबाबरोबर आणि बरीचशी लष्कराबरोबर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३/एल अशा गाड्या हजारोंनी वापरल्या. त्यांच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नसे. खड्ड्याचा हिशेब थेट स्वाराच्या मणक्यात जमा होई. स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. परकीय चलन तुटपुंजे, आयातीवर बंधने. तेव्हा गाड्या इथेच बनवायच्या असे ठरले. आणि मग थोड्याच वर्षांत तीन वेगळ्या देशांतून तीन वेगळ्या विचारांची यंत्रे भारतात येऊन रुजली. माझ्या मते आपल्या रस्त्यांचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

पहिली इंग्लंडची बुलेट. रॉयल एन्फील्ड कंपनी रेडिच गावची. 'बुलेट' हे नाव तिने १९३२ पासून वापरले. पण आपण ओळखतो ती बुलेट १९४९ च्या सुमाराची, पुढे दुर्बिणीसारखे आत सरकणारे फोर्क आणि मागे स्प्रिंगवर हलणारा दांडा असलेली. १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी अशा ८०० गाड्या मागवल्या, आणि त्यातूनच १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आधी सुटे भाग आणून जोडायचे, मग हळूहळू सारेच इथे बनवायचे.

हिच्या इंजिनाचे माप पाहा. नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर, मिळून ३४६ घन सेंटिमीटर. धाव व्यासापेक्षा लांब असल्याने आणि आतले जड चाक गती धरून ठेवत असल्याने हे इंजिन कमी फेऱ्यांतही जोर देते. सिंहगडाच्या घाटात डोणज्याच्या पुढे चढ लागला, मागे माणूस बसलेला असला, तरी बुलेट दम न लागता चढते याचे कारण हेच. मात्र तिला सुरू करणे ही एक साधना होती. किक सावकाश दाबायची, टाकीपुढच्या अँपिअरच्या काट्याकडे बघायचे, काटा मध्यावर आला की थांबायचे, डावीकडची लहानशी कळ दाबून आतली हवा सोडायची, दट्ट्या जरासा पुढे न्यायचा आणि मग एकच पूर्ण किक. हे न करता नुसती लाथ मारली तर किक उलटी बसे आणि पोटरीवर तिची नोंद राही. यंत्र कसे चालते ते समजल्याखेरीज ते चालवताच येऊ नये, अशी ही व्यवस्था ! मग हे ज्ञान फिटरपुरते कसे राहील? ते मालकाकडेही यायचेच.

पुढे गंमत झाली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडमधले उत्पादनच संपले. मद्रासची बुलेट मात्र जवळजवळ आहे तशी चालू राहिली आणि १९७७ पासून चक्क इंग्लंडला निर्यात होऊ लागली. आईचे घर बुडाले आणि लेकीने नाव राखले.

दुसरी चेकोस्लोव्हाकियाची जावा. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकचा 'जा' आणि वांडररचा 'वा', अशी ही 'जावा'. इंडोनेशियातल्या बेटाशी तिचा काही संबंध नाही. आपल्याकडे मुंबईच्या इराणी कुटुंबाने आधी ती आयात केली आणि मग १९६१ मध्ये म्हैसूरला कारखाना सुरू केला. पानशेत फुटून खडकवासल्याचे धरण वाहून गेले, तेच हे साल. पुणे चिखल उपसत होते, तेव्हा म्हैसूरला पहिल्या गाड्या जोडल्या जात होत्या.

जावाचा विचार बुलेटच्या अगदी उलटा. बुलेट म्हणते, 'आधी मला समजून घे.' जावा म्हणते, 'तू बस, मी बघते.' तिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक स्फोट. त्यात बुलेटसारखे व्हॉल्व्ह नाहीत, त्यांना हलवणारे दांडे नाहीत. नळकांड्याच्या भिंतीलाच भोके, आणि वरखाली जाणारा दट्ट्याच ती उघडतो नि झाकतो. ६५ बाय ७५ च्या मापाचे २४९ घन सेंटिमीटरचे एकच नळकांडे, पण धूर बाहेर टाकायला दोन्ही बाजूंनी दोन नळ्या. चेन पूर्ण पेटीत बंद, त्यामुळे चिखल लागत नाही आणि धोतराचा सोगाही अडकत नाही. गिअरचा दांडा दाबला की आतल्या आत क्लच सुटतो. हाताने दाबला नाही तरी चालते. आणि तोच दांडा फिरवला की किक. आमच्या विद्यार्थ्याला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे : कमीत कमी भागांत जास्तीत जास्त काम. युद्धाने पोळलेल्या एका लहान देशाची ती काटकसर होती, आणि आपल्या दूधवाल्याला ती नेमकी मानवली. १९७३ पासून हीच गाडी 'येझदी' नावाने निघू लागली; इराणमधल्या यझ्द शहरावरून हे नाव पडले. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला.

या दोघींच्या जोडीला राजदूतचे नाव न घेणे अन्यायाचे होईल. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून ती बनवली. १७३ घन सेंटिमीटर, रूप ओबडधोबड, वेग बेताचा. पण दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, मध्ये कडब्याची पेंढी आणि वर गडी, अशा अवस्थेत कच्च्या वाटेने ती वर्षानुवर्षे चालली. महाराष्ट्राच्या दूधधंद्याचा इतिहास लिहिणाऱ्याने राजदूतसाठी एक परिच्छेद राखून ठेवावा.

तिसरी इटलीची स्कूटर. ही खऱ्या अर्थाने आपल्या पुण्याची. पिआज्जो हा विमाने बनवणारा कारखाना. युद्धात तो बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला, युद्धानंतर विमानांचे काम राहिले नाही. तेव्हा कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने १९४६ मध्ये 'व्हेस्पा' रेखली. या गृहस्थाला मोटरसायकल मुळीच आवडत नसे : कपडे काळे होतात, पंक्चर काढायला चाक निघत नाही, टांग टाकून बसावे लागते. त्याने सगळीच मांडणी मोडली. सांगाडा काढून टाकला आणि वाकवलेला पत्राच सांगाडा केला. इंजिन मागच्या चाकाशेजारी झाकून ठेवले. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, म्हणजे नट सोडले की स्टेपनी बसवता येते. गिअर हातात दिला. पाय ठेवायला सपाट जागा ठेवली.

त्या सपाट जागेचे आपण काय केले, ते तुम्ही जाणताच. तिथे गॅसचा सिलिंडर राहिला, गव्हाचे पोते राहिले, दांडीला धरून धाकटे पोर उभे राहिले. मागे नऊवारी किंवा सहावारी नेसलेली बाई एका अंगाने बसली. इटालियन विमान-अभियंत्याने मराठी कुटुंबाचे माप नकळत घेऊन ठेवले होते !

बजाज कंपनी आधी या स्कूटर आयात करीत असे. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि आकुर्डीला कारखाना वाढला. पिआज्जोशी झालेला करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये त्याच घाटाची स्कूटर 'चेतक' नावाने, राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने, रस्त्यावर आली. पण कारखान्याने किती गाड्या काढाव्यात ते सरकार ठरवी. मागणी अफाट, परवाना मोजका. नोंदणी करून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. काही काळ ही प्रतीक्षा १० वर्षांपर्यंत गेली. जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जाई. लग्नाच्या बोलण्यांत ती हुंड्याच्या यादीत आली, हेही लपवून चालणार नाही.

आमच्या घरी चेतक होती. इंजिन उजव्या कुशीला, म्हणून ती सदैव उजवीकडे किंचित कलत असे. थंडीत सुरू झाली नाही की वडील तिला आडवी करीत, पुन्हा उभी करीत आणि किक मारीत. मला वाटे हा काही तोडगा असावा. पुढे कळले, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे उतरावे म्हणून तो खटाटोप असे. त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, फिरोदियांच्या कायनेटिकने अहमदनगरला ५० घन सेंटिमीटरची लूना काढली. मोटरसायकलची ऐट नाही, स्कूटरची किंमत नाही. पण शाळामास्तर, कारकून, शिक्षिका आणि परिचारिका यांना तिने स्वतःचे वाहन दिले. इतिहासात हे मी बुलेटच्या गडगडाटापेक्षा लहान मानत नाही.

मग हे सारे गेले कुठे? १९८० च्या दशकाच्या मध्याला जपानी सहकार्याने १०० घन सेंटिमीटरच्या गाड्या आल्या. बजाजनेही १९८६ मध्ये कावासाकीबरोबर आपली काढली. यांतल्या फोर-स्ट्रोक गाड्या एका लिटरला जुन्या गाड्यांच्या दुपटीने पळत. आणि दुसरे कारण धुराचे. इथे आपण हळवे होऊ नये. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, ते जळून निळा धूर होतो. शिवाय जळलेला वायू बाहेर जाताना थोडे ताजे पेट्रोलही न जळता त्याच्याबरोबर निघून जाते. साधेपणाची ती किंमत होती, आणि ती पुण्याच्या चौकांत उभे राहणाऱ्यांच्या छातीने भरली. १९९१ मध्ये धुरावर पहिली मर्यादा आली, १९९६ आणि २००० मध्ये ती कडक झाली. या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. म्हणजे स्कूटर जन्मली आकुर्डीला, आणि तिचा धूर मोजला गेला कोथरूडच्या टेकडीवर. २००१ मध्ये पल्सर आली, पुढे जुनी चेतक थांबली. २०२० मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी आली. आणि २०२३ पासून 'ट्रायम्फ' या अस्सल इंग्रजी नावाची ४०० घन सेंटिमीटरची मोटरसायकल चाकणला बनते ! साहेबाची फटफटी आता आपण बनवतो.

तर मग जुन्या गाड्या जपायच्या कशाला? प्रश्न रास्त आहे. सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी केली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, गाडी मूळ रूपात असावी लागते आणि रोजच्या कामाला वापरता येत नाही. नियम चांगला आहे; पण तो हौशी संग्राहकाला सोयीचा. ज्याने रोज दूध घातले त्या आबांना तो काय उपयोगाचा?

आणि हौशी माणसाकडे गाडी गेली म्हणजे ती वाचलीच, असेही नाही. तो ती उघडतो, घासतो, नवा रंग, नवे क्रोम, नवी सीट. गाडी झळाळते. पण आबांच्या जावाच्या उजव्या अंगाला मी एक गोष्ट पाहिली. कॅनचा हूक जिथे अडकवला जाई, तिथे लोखंडाला बोटभर खोल खाच पडली आहे. रोज पहाटे, तीस वर्षे, दुधाच्या वजनाने पडलेली ती खाच. पुण्याला दूध कसे आले, याचा तो लेखी पुरावाच आहे, फक्त शाईऐवजी घर्षणाने लिहिलेला. नवा रंग देणारा आधी ती खाच भरून काढील. जुन्या मोडी कागदावर कोणी चुना फासावा, तसेच हे.

म्हणून मी आबांच्या नातवाला म्हटले, "बाळ, विकायची तर विक, तुझी अडचण मला ठाऊक नाही. पण त्याआधी चार गोष्टी कर." त्याच चार गोष्टी, वाचकहो, तुम्हालाही सांगतो. तुमच्या अंगणात, गोठ्यात, जिन्याखाली अशी गाडी असेल तर तिचे चारही बाजूंनी फोटो घ्या, आहे तशा मळक्या रूपात. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक लिहून ठेवा. नोंदणीचे पुस्तक, खरेदीची पावती, बुकिंगचे पत्र गाडीबरोबर भंगारात जाऊ देऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, ती ज्याने चालवली आणि ज्या फिटरने दुरुस्त केली, त्यांना बोलते करा. लोखंड एक वेळ राहील. काटा मध्यावर आणून किक मारणारा पाय राहणार नाही.

त्या दिवशी आमच्या त्याच विद्यार्थ्याने आबांसमोर बसून वही काढली. किती वाजता निघायचे, कॅन किती, पंक्चर कुठे काढायचे, पावसात प्लग कसा पुसायचा. तीन पाने भरली. मी इतकी वर्षे मुलांना साधनांचे महत्त्व सांगतो आहे. साधन कसे मिळवतात ते त्यांनी त्या दिवशी पाहिले. निघताना नातू म्हणाला, "सर, दिवाळीपर्यंत तरी ठेवतो."

एवढ्यावरच आम्ही धरणाचा निरोप घेतला.